मांगराकडची फियाट

ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईतली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदवलेली ती गाडी. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असते, ती भरली आणि संपलं. वर्तमानपत्रांतून फोटो आले, लोकांनी आठवणी लिहिल्या, दोन दिवस सगळी मुंबई हळहळली. मालवणात बसून हे सगळं वाचताना मला जरा गंमत वाटत होती. फियाट गेली, गेली म्हणतात, पण आमच्याकडून ती कुठे गेलीय? ती आहे तिथेच आहे. चालत नाही इतकंच. आणि तिच्या डिकीतून काजूचं झाड वर आलंय.

तुम्ही सिंधुदुर्गातले असाल तर मी काय म्हणतोय ते तुम्हाला लगेच समजलं असेल. मालवणहून आचऱ्याला जा, मसुऱ्याला जा, नाहीतर चौक्यावरून कुडाळकडे निघा. मोठा रस्ता सोडून पाणंदीला लागायचं आणि एखाद्या गडग्याच्या आत डोकवायचं. मांगराच्या आडोशाला, फणसाखाली, घाणेरीच्या आणि रानमोडीच्या जाळीत काहीतरी गोल, तांबूस दिसतं. आधी वाटतं जांभा दगड असेल. मग त्या दगडाला हेडलाइटची दोन भोकं दिसतात.

गेली काही वर्षं अशा गाड्या बघत हिंडायचा मला नाद आहे. विकत घ्यायच्या म्हणून नव्हे. तेवढे पैसे नाहीत आणि घरात परवानगीही नाही. पण एखादी गाडी इथवर आली कशी आणि इथेच का थांबली, हे विचारलं की घराचा सगळा इतिहास बाहेर येतो. सात-बारा बघून कळत नाही इतकं त्या गाडीवरून कळतं.

गाडी आली कशी, याबद्दल आपल्याकडे ऐकायला मिळणाऱ्या कहाण्या बहुतेक खोट्या असतात. रानात सापडलेली प्रत्येक जुनी गाडी एकतर 'गोऱ्या साहेबाची' असते, नाहीतर 'पोर्तुगीज पळाले तेव्हा टाकून गेलेली' असते. ही दुसरी कहाणी मला वेंगुर्ले तालुक्यात तीन वेगवेगळ्या गावांत ऐकायला मिळाली. आता बघा, भारतीय फौजा गोव्यात शिरल्या त्या १८ डिसेंबर १९६१ रोजी आणि दुसऱ्या दिवशी पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. जो पळणार तो समुद्राकडे पळेल. भारताच्या हद्दीत, वेंगुर्ल्याच्या काजूच्या बागेत कशाला येईल? यात खरं आहे ते एवढंच, की गोव्यात त्या काळी परदेशी गाड्यांवर आपल्यासारखी बंधनं नव्हती. पणजी-मडगावला मर्सिडीजच्या टॅक्स्या धावत होत्या. मुक्तीनंतर त्यांतली एखादी गाडी कुणी सावंतवाडीच्या बाजूला आणली असेल, तर ती पैसे मोजून, रीतसर.

या बाबतीत आपण एकटे नाही. बेल्जियममध्ये शातियों नावाचं गाव आहे. तिथल्या जंगलात शेकडो जुन्या गाड्या रांगेनं उभ्या होत्या, शेवाळानं हिरव्यागार झालेल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिक मायदेशी निघाले आणि गाड्या रानात लपवून गेले, अशी त्यांची जगभर प्रसिद्ध झालेली कथा. गाड्यांची मॉडेलं तपासली तर बहुतेक युद्धानंतरची निघाली. सैनिकांचा काही संबंध नव्हता, ते जुन्या गाड्यांचं साधं कबाडखाना होतं. २०१० पर्यंत त्या सगळ्या उचलल्या गेल्या. कथा अजून चालू आहे.

आपल्याकडची खरी हकिगत पोर्तुगीजांपेक्षा साधी आहे, आणि मला ती जास्त आवडते. गाडी आणली चाकरमान्यानं.

कोकणातला माणूस मुंबईला जायचा तो आगबोटीनं. मालवणच्या बंदरात पडावात बसायचं, पडाव बोटीला लागायचा. या किनाऱ्यावर बोटी चालवणारी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी पुढे वालचंद हिराचंदांच्या सिंदिया कंपनीकडे आली. याच सोलापूरच्या वालचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, कुर्ल्याला कारखाना काढला आणि पुढे तिथेच फियाट तयार होऊ लागली. म्हणजे बाप वालचंदांच्या बोटीनं मुंबईला गेला आणि मुलगा वालचंदांच्या गाडीनं चतुर्थीला गावी आला. ही जुळणी अजून कुणी कशी लिहून ठेवली नाही, याचं मला नवल वाटतं.

त्याआधीच्या गाड्या बहुतेक अमेरिकन. जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये शिवडीला परदेशी सुटे भाग जोडून गाड्या बनवायला सुरुवात केली होती. त्यांच्या शेवरोलेच्या सांगाड्यावर लाकडी बॉडी बांधायची आणि घाटातून 'सर्व्हिस मोटर' म्हणून हाकायची, हा तेव्हाचा उद्योग. युद्धकाळात पेट्रोल मिळेना तेव्हा मागे कोळशाची शेगडी लावून गॅसवर गाड्या चालल्या. नुसत्या जोडणीवर चालणाऱ्या कारखान्यांना इथे जागा नाही, असं सरकारनं १९५३ मध्ये ठरवलं आणि पुढच्याच वर्षी जनरल मोटर्सनं शिवडीचा गाशा गुंडाळला. मग मुख्यतः उरल्या त्या दोन: कुर्ल्याची फियाट आणि उत्तरपाड्याची हिंदुस्थान. म्हणून आपल्या रानात सापडते ती फियाट, नाहीतर अँबॅसडर. तिसरी महिंद्राची जीप. पण जीप तशी टाकलेली नसते, ती फक्त 'उद्या करूया' म्हणून उभी असते.

आता त्या फियाटबद्दल, जिच्यासाठी मी हे सगळं सांगतोय.

आचऱ्याच्या अलीकडे एका वाडीत काही वर्षांपूर्वी एक गाडी दाखवायला मला नेलं. रामेठ्याची झुडपं आणि करवंदीची जाळी कोयत्यानं साफ करत पुढे गेलो तर मांगराच्या भिंतीला टेकून ती उभी. नाक पुढे काढलेलं, पाठ गोल. 'डुक्कर फियाट'! १९५४ पासून कुर्ल्यात तयार झालेली अकराशे. मुंबईकरांनी तिच्या नाकाडावरून तिला हे नाव दिलं. ओळखायची खूण अगदी सोपी: पुढची दारं उलटी उघडतात, बिजागरी मागच्या बाजूला. १९६४ मध्ये आलेली चौकोनी 'डिलाइट', जिची पुढे पद्मिनी झाली, तिची दारं सरळ उघडतात. मी कडी दाबली. दार उलटं उघडलं आणि आतून एक मोठी सरड्याची मादी माझ्याकडे बघत बसली.

बॉनेटखालच्या पट्टीवरची गंज खरवडून नंबर वाचला, पन्नाशीच्या दशकातलीच गाडी. सीटमधला काथ्या वाळवीनं संपवला होता, वायरी उंदरांनी. काचा मात्र चारही शाबूत. स्टीअरिंगला लागलेला गिअरचा दांडा हलवला तर हललाही.

घरात एक भाऊ, वय सत्तरीच्या आसपास. दोन भाऊ मुंबईला, म्हणजे एक डोंबिवलीला आणि एक विरारला. बहीण वेंगुर्ल्याला दिलेली. त्यांचे वडील मुंबईत एका शेटजींकडे ड्रायव्हर होते. शेटजींनी नवी गाडी घेतली तेव्हा जुनी यांना स्वस्तात दिली, नावावरही करून दिली. वडिलांनी ती गावी आणली आणि दहा-बारा वर्षं चालवली. कुणाची बाळंतीण मालवणच्या दवाखान्यात न्यायची तर हीच गाडी, आणि लग्नात नवरी पोचवायलाही हीच. वडील गेले आणि ज्या दिवशी गेले त्या दिवशी ती जिथे लावलेली होती तिथेच ती राहिली.

"विकली कशी नाय?" मी विचारलं.

"बापाशीन हाडलेली गाडी," ते म्हणाले. "इकूक कोण सांगतलो? आणि इकूची म्हटलंय तरी सही कोणाची?"

या दोन वाक्यांत माझ्या मते सिंधुदुर्गातल्या निम्म्या गाड्यांचं उत्तर आहे. या गाड्या कुणी टाकून दिलेल्या नाहीत. त्या ठेवलेल्या आहेत. आपल्याकडे घर जसं सामाईक राहतं, कलमं सामाईक राहतात, विहिरीत चौघांचा हिस्सा राहतो, तशीच गाडीही राहते. एकानं दुरुस्त करावी तर 'हा बळकावतोय' आणि विकावी तर 'ह्यानं खाल्ली'. त्यापेक्षा हात न लावणं बरं. घर पडतं तेही असंच, वासा वासा करून.

कायद्याचं म्हणाल तर तो तसा सोपा आहे. गाडीमालक वारला की वारसानं तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत एकतीस नंबरचा फॉर्म भरून गाडी नावावर करून घ्यायची. आता २०२१ पासून आरसीवर वारसाचं नाव आधीच लावायची सोयही झाली आहे. पण आपल्याकडे बारावं-तेरावं झालं की मुंबईचे मुंबईला जातात, आणि तीन महिन्यांचं तीस वर्षं कधी होतं ते कळत नाही.

फ्रान्ससारख्या देशातही हेच घडतं. रॉजर बायों नावाचे वाहतूक व्यावसायिक होते. १९५० च्या दशकात त्यांनी मोटारींचं संग्रहालय काढायच्या इराद्यानं जुन्या गाड्या जमवल्या. सत्तरच्या दशकात धंदा बसला, काही गाड्या विकाव्या लागल्या, उरलेल्या शेतावरच्या पत्र्याच्या पडव्यांखाली तशाच राहिल्या. मुलगा गेला, नातवंडांनी २०१४ मध्ये लिलाववाल्यांना बोलावलं. वेली चढलेल्या साठेक गाड्या निघाल्या. फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसला लिलाव झाला आणि त्यांतली एक फेरारी, जी कधीकाळी अ‍ॅलँ दलों या नटाकडे होती, ती सव्वासोळा दशलक्ष युरोच्या वर गेली. धुळीसकट! लोकांनी ती धूळसुद्धा पुसू दिली नाही म्हणतात.

ही हकिगत मी ज्याला ज्याला सांगितली त्या प्रत्येकानं आपल्या परड्यातल्या अँबॅसडरकडे नव्या नजरेनं पाहिलं, असा माझा अनुभव आहे. म्हणून लगेच सांगतो, आपल्या डुकराची फेरारी होणार नाही. आपल्याकडे गिऱ्हाईक येतं ते वेगळं. एक भंगारवाला, तो किलोच्या भावानं मागतो. दुसरा पुण्या-मुंबईचा दलाल. त्याला गाडी नको असते. त्याला हवी असते पुढची जाळी, दारांच्या कड्या, मीटरची तबकडी, काचा. हे भाग आता मिळत नाहीत. तो हसतमुखानं येतो, चहा घेतो, चार नोटा ठेवतो, आणि तासाभरात गाडीचं तोंड काढून नेतो. उरतो तो सांगाडा. या वाडीतही असा एकजण येऊन गेला होता. त्याला परत पाठवलं ते वेंगुर्ल्याच्या बहिणीनं, फोनवरून. "त्या गाडयेत बसान मी घोवाच्या घराक गेलंय," ती म्हणाली म्हणे. "तिचा तोंड कापून देतलास?"

वडिलांची आठवण म्हणून गाडी ठेवली, हे समजतं. पण अशा ठेवण्यानं ती राहत नाही, हे कुणीतरी सांगायला हवं. आणि इथे आपली हवा आड येते.

स्वीडनमध्ये रिड गावाजवळ एक दलदल आहे. ऑके डॅनियलसन नावाचा माणूस तिथे पीट खणायचा आणि जोडीला जुन्या गाड्या मोडून विकायचा. तो गेला, दीडेकशे गाड्या राहिल्या. आधी नगरपालिकेनं त्या उचलायच्या ठरवल्या होत्या, मग लोक बघायला येऊ लागले तेव्हा ठराव झाला की २०५० पर्यंत त्या तशाच असू द्याव्यात. झाडांसकट, शेवाळासकट. कल्पना सुंदर आहे. पण स्वीडनच्या थंडीत जे चालतं ते आचऱ्याला चालत नाही. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस आणि उरलेले आठ महिने खारा वारा. वाऱ्यातलं मीठ पत्र्यावर बसतं, दमट हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि रंगाच्या खालून गंज पसरत जाते. वरून गाडी ठीक दिसते. बोट लावलं की आरपार.

त्यात फियाटची एक अडचण आहे. जीपला खाली जाड लोखंडी चासीस असते, बॉडी वरून नट-बोल्टनं बसवलेली. बॉडी कुजली तर टिनकाम करणारा नवी करून देतो. म्हणून पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या जीपा अजून काजू वाहताना दिसतात. फियाटला, आणि अँबॅसडरलाही, अशी वेगळी चासीस नाही. तळाचा पत्रा, दारांखालची पेटी, खांब आणि छत मिळूनच तिचा कणा. आणि ओल धरते ती नेमकी तळाला! गाडी मातीत टेकली, टायर बसले, तळ पालापाचोळ्यात गेला की कणाच जातो. इंजिनाचं तसं नाही. बिडाचं ते, जड. पिस्टन धरला तरी बहुतेक वेळा सुटतो. म्हणून गाडी ठेवायचीच असेल तर पहिलं काम पैशाचं नाही. चार चिरे घ्यायचे, गाडी त्यावर उचलून ठेवायची, खालून वारा खेळू द्यायचा. वर पत्रा घालायचा. प्लॅस्टिकचा कागद गुंडाळायचा नाही, आत घाम धरतो. काचा किंचित खाली करून जाळी लावायची. एवढ्यानं दहा वर्षं मिळतात. शिवाय साचलेल्या पाण्यातले डास, उंदीर आणि त्यामागून येणारी जनावरं टळतात. लेप्टोच्या दिवसांत आपल्याला हे सांगायला नकोच.

आणि ठेवायची नसेल तर तेही नीट करावं. गाडी भंगारात देताना नोंदणी रद्द करून घ्यायची, सरकारमान्य केंद्रात दिली तर तसा दाखला मिळतो. पन्नास वर्षांहून जुनी आणि मुळातली न बदललेली गाडी असेल तर मात्र तिसरा रस्ता आहे. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार ती 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. अट एवढीच, की चासीस, बॉडी, इंजिन यांत मोठी फेरफार नको, आणि ती गाडी रोजच्या वापराला किंवा भाड्याला लावायची नाही. प्रदर्शनाला, रॅलीला न्यायची. नवरी पोचवायला चालेल का, हे त्यात लिहिलेलं नाही.

आचऱ्याकडच्या त्या गाडीचं पुढे काय झालं ते सांगतो. गणेश चतुर्थीला सगळे भाऊ जमले, बहीणही आली. पाचव्या दिवशी विसर्जन झाल्यावर खळ्यात बसून बोलणं निघालं. मी तिथे होतो, पण तोंड उघडलं नाही. दोन तास नुसते हिशेब चालले. कोणी कौलं शाकारली, कोणी वडिलांचं औषधपाणी केलं, कोणी काजूचे पैसे दिले नाहीत. गाडीचा विषय फक्त निमित्त होता. मग विरारच्या भावानं उठून देवघरातली पत्र्याची पेटी आणली. त्यात घरपट्टीच्या पावत्यांबरोबर, मेणकापडात बांधलेलं आरसी बुक होतं. कोरडं ठणठणीत. वडिलांनीच बांधून ठेवलेलं.

त्यानंतर भांडण झालं नाही. गाडी गावच्या भावाच्या नावावर करायची, बाकी तिघांनी संमती लिहून द्यायची आणि खर्च चौघांनी करायचा, असं ठरलं. डिकीतून आलेलं काजूचं झाड तोडायला मात्र थोरल्यांनी साफ नकार दिला. उत्पन्न देणारं झाड आहे, म्हणाले. शेवटी डिकीचा तळ पत्र्याच्या कात्रीनं कापून गाडी झाडापासून सोडवली. तळ कुजलेलाच होता.

कुडाळचा एक जुना मिस्त्री आहे, त्याचे हात या गाड्यांवरच घडले. पुढचे खांब धडक आहेत, मधला तळ नवा घालावा लागेल, असं त्यानं बघताक्षणी सांगितलं. चारही प्लग काढले, भोकांतून डिझेल आणि रॉकेल ओतलं आणि आठ दिवस गाडीकडे फिरकला नाही. नवव्या दिवशी पुढून हँडल घातलं. दोघांनी मिळून जोर लावला तेव्हा इंजिन अर्धा फेरा फिरलं. गाडी चालू व्हायला अजून वेळ आहे. ब्रेकचे सिलेंडर मिळायचेत, कार्बोरेटर मुंबईहून यायचाय.

सध्या वाद रंगाचा आहे. डॅशबोर्डच्या आत खरवडलं तर मूळ रंग फिकट हिरवा निघाला, शेटजींच्या वेळचा. वडिलांनी गावी आणल्यावर गाडी काळी करून घेतली होती. मिस्त्री म्हणतो मूळचा द्या, कागदाला तोच बरा. डोंबिवलीच्या भावाचंही तेच मत. वेंगुर्ल्याच्या बहिणीला फोन केला.

"काळोच," ती म्हणाली. "हिरवी गाडी आमच्या दारात कधी नाय इली."